बगळे घेतले, पाणी राहिलं

"शैला, हे बगळे मेलेत का?"

प्रश्न आमच्या मालकांचा, श्रीनाथ सरांचा. समोर शांता पाठमोरी उभी होती. शांता आमच्या चेकिंग विभागात होती. उंच, सडपातळ, त्यामुळे कुठलीही सॅम्पल साडी आधी तिलाच नेसवायची असा आमचा रिवाज. तिच्या पाठीवर पदर सोडलेला होता. पदरावर अकरा बगळे. सगळ्यांची डोकी खाली, पाय वर.

"सर, समोरून बघा ना," मी म्हणाले. "शांता, वळ."

शांता वळली. कमरेपासून खांद्याकडे जाणारे बगळे झकास वर उडत होते.

"समोरून जिवंत, मागून मेलेले," सर म्हणाले. "खांद्यावर नेमकं काय झालं यांना?"

चेकिंगच्या टेबलावरच्या बायका खो-खो हसल्या. शांताला स्वतःची पाठ दिसत नव्हती. ती सारखी विचारत राहिली, "काय झालं? मला पण सांगा ना!"

मी तेव्हा म्हैसूरहून नंजनगूडला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका सिल्क प्रिंटिंग युनिटमध्ये डिझायनर होते. कॉम्प्युटर अजून आमच्यापर्यंत पोचला नव्हता. डिझाइन हाताने काढायचं, आणि त्यातला एकेक रंग वेगळा करून ट्रेसिंग फिल्मवर काळ्या शाईने भरायचा. प्रत्येक रंगाची एक स्क्रीन. स्क्रीन म्हणजे चौकटीवर ताणून बसवलेली बारीक जाळी. जिथे रंग हवा तिथली भोकं उघडी, बाकीची बंद. साडी लांब टेबलावर पसरायची आणि एकामागून एक स्क्रीन ठेवून रंग ओढायचा. आठ रंग असले तर आठ स्क्रीन. एकही रेघ चुकली तर स्क्रीन नवी करावी लागते.

आता बगळ्यांची भानगड. साडी टेबलावर सपाट असते, बाईच्या अंगावर नसते. पदर पुढून वर चढतो, खांद्यावरून जातो आणि मागे खाली उतरतो. कापड तेच, पण दिशा उलटते. पुढे जे सुलट, ते मागे उलट. फुलं, ठिपके, वेलबुट्टी असली तर कुणाच्या लक्षात येत नाही. पक्ष्याला मात्र डोकं असतं, पाय असतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण चित्र इतकं आवडलं होतं की मी तिकडे काणाडोळा केला.

ते चित्र माझं नव्हतं. खरी गोष्ट इथून सुरू होते.

बेंगळूरच्या एका मोठ्या शोरूमच्या मालकीणबाई आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. दसऱ्याची मोठी ऑर्डर त्यांची. त्या वर्षी त्यांनी आमची डिझाइनची फाइल तीन मिनिटांत चाळून बंद केली.

"कोयरी, मोर, कमळ. पुन्हा कोयरी. श्रीनाथ, माझ्या गिऱ्हाइकांच्या कपाटात आता कोयरीला जागा नाही. नवं काही असेल तर दाखवा. नाहीतर मी दुसरीकडे बघते."

ही ऑर्डर गेली तर चारातली दोन टेबलं बंद ठेवावी लागणार होती. टेबल बंद म्हणजे त्यावरची माणसं घरी. सरांनी हे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण छपाईचे मास्तर लोक त्या आठवड्यात माझ्याशी फारच गोड बोलायला लागले. मला कळायचं ते कळलं.

त्याच रविवारी एका कॉलेजच्या हॉलमध्ये चित्रांचं प्रदर्शन होतं. म्हैसूरच्याच एक चित्रकार, नाव भाग्या. सगळी चित्रं निसर्गाची, पण कॅलेंडरवर असतो तसा निसर्ग नव्हे. नांगरलेली ओली माती, कालव्याच्या कडेचं गवत, चिखलातले म्हशीचे खूर. आणि एक भलं मोठं चित्र: पाण्याने भरलेलं भाताचं खाचर आणि त्यात बगळे. काही उडणारे, काही उभे. मी त्या चित्रासमोर इतका वेळ थांबले की दारावरच्या माणसाने मला खुर्ची आणून दिली.

निघताना प्रदर्शनाचं पत्रक घेतलं. त्यात त्या चित्राचा छान फोटो होता. सोमवारी तो सरांच्या टेबलावर ठेवला.

"हे साडीवर येईल," मी म्हणाले.

"येऊ दे की."

"त्या बाईंना विचारायला हवं ना?"

"त्या चित्रं विकतात, आपण साड्या विकतो. कुठे आड आलो आपण त्यांच्या?"

मला हे उत्तर सोयीचं वाटलं म्हणून मी ते मान्य केलं. सरांवर ढकलत नाही. पत्रक माझ्या हातात होतं आणि पेन्सिलही.

चित्रातले उडणारे बगळे मी उचलले, मोठे केले, पदरावर मांडले. पाण्यात इतक्या छटा होत्या की त्यांना स्क्रीन पुरल्या नसत्या, म्हणून पाणी गाळलं. मागे सपाट निळा रंग दिला. आठ स्क्रीन झाल्या, सॅम्पल छापलं, वाफेत रंग पक्का केला, धुतलं, इस्त्री केली, शांताला नेसवलं. आणि बगळे मेले.

बेंगळूरच्या बाई यायला बारा दिवस होते.

पुढचे दोन दिवस मी कागदाचे बगळे कापून टाचण्यांनी शांताच्या पदरावर लावत होते. अर्धे सुलट, अर्धे उलट लावले. आता दोन्हीकडून अर्धे मेलेले दिसायला लागले. सगळे आडवे केले. सर म्हणाले, "झोपलेत का?" अगदी लहान केले. शांता आरशात बघून म्हणाली, "डास आहेत, मेडम." एक टाचणी तिच्या खांद्याला टोचली तेव्हा तिने जाहीर केलं की उद्यापासून बगळ्यांचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या.

संध्याकाळी घरी आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणजे माझे वडील. आमचं घराणं रंगाऱ्यांचं. पणजोबांच्या आधीच कधीतरी म्हैसुरात आलेले. आजोबांपर्यंत लाकडी ठशांनी कापड छापायचे. आप्पांनी तो धंदा सोडून कापडाचं दुकान टाकलं, पण कापड हातात आलं की आधी ते उलटं करून बघायची सवय काही गेली नव्हती. घरात आम्ही मराठी बोलतो. म्हणजे आम्हाला तसं वाटतं. महाराष्ट्रातले पाहुणे आले की आमच्या मराठीतले कन्नड शब्द मोजत बसतात.

"स्वल्प थांब," आप्पा म्हणाले. स्वल्प म्हणजे जरा. "आमच्यात कोयरीच का छापत होते, ठाऊक आहे?"

"का?"

"उलटी झाली तरी कोयरीच राहते. कोणी विचारत नाही." ते स्वतःच हसले. मग म्हणाले, "अन् ज्या बाईचं चित्र, तिला विचारलीस का?"

मी भात कालवत राहिले. आप्पांनी पुन्हा विचारलं नाही. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी साडी पिशवीत घालून मी भाग्या मॅडमच्या घरी गेले. घर बन्नीमंटपच्या बाजूला, वरच्या मजल्यावर. दार त्यांनीच उघडलं. पन्नाशीच्या असतील. कोपरापर्यंत हिरवा रंग, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

"एनम्मा?" म्हणजे, काय गं बाई? आमचं सगळं बोलणं कन्नडमध्ये झालं, मी इथे मराठीत लिहिते आहे.

मी दारातच सगळं सांगून टाकलं. प्रदर्शन, पत्रक, स्क्रीन, उलटे बगळे. बसले असते तर उरलेलं सांगायचा धीर झाला नसता. त्यांनी हात पुढे केला. मी पिशवी दिली. त्यांनी साडी जमिनीवर पसरली आणि तिच्याभोवती एक चक्कर मारली. मग दुसरी. मी चपला न काढता उंबऱ्यावरच उभी.

"हा माझाच आहे," त्या एका बगळ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "याचा उजवा पंख आखूड आलाय. चूक झाली होती माझी. तीसुद्धा घेतलीस."

"हो, मॅडम."

"पाणी कुठाय?"

"अं?"

"माझ्या चित्रात सगळं पाणीच आहे. त्यात थोडे बगळे आहेत. तू बगळे घेतलेस आणि पाणी टाकून दिलंस. चोरी केलीस, तीही अर्धी!"

माझे कान तापले. मी म्हणाले, "पाण्याचे रंग फार होते. वीस तरी. आम्हाला आठच्या वर परवडत नाहीत."

"वीस? कोण म्हणालं वीस?" आता त्या खरोखर चिडल्या. चोरीबद्दल एवढ्या चिडल्या नव्हत्या. "उद्या सकाळी साडेसहाला बस स्टँडवर ये. कागद, पेन्सिल घेऊन. आणि चपला काढून आत ये आता, कॉफी पिऊन जा."

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने वरुणा गावाला गेलो. आयुष्यभर त्या भागातून जाते-येते आहे, पण खाचराच्या बांधावर मी कधी उभी राहिले नव्हते. लावणी चालू होती. बायका वाकून रोपं लावत मागे सरकत होत्या. त्यांनी चिखल ढवळला की किडे वर येत आणि ते टिपायला बगळे मागे मागे चालत. पलीकडचं एक खाचर भरून तयार होतं, तिथे अजून कुणी उतरलं नव्हतं. त्यातलं पाणी हलत नव्हतं.

"मोज," मॅडम म्हणाल्या.

"काय?"

"रंग."

मी मोजायला लागले. आभाळाचा राखाडी. मातीचा तपकिरी. रोपांचा हिरवा. बगळ्यांचा पांढरा. मग थांबले. पुन्हा बघितलं. रोपांच्या सावलीचा एक गडद हिरवा सापडला.

"पाच," मी म्हणाले.

"बाकीचे पंधरा?"

"दिसत नाहीत."

"ते मी रंगवताना घातलेत. हौस माझी. तू कशाला त्यांच्या मागे लागलीस?"

मी अजून पाण्याकडेच बघत होते. भरलेल्या खाचरात चार बगळे एका पायावर उभे होते. प्रत्येकाच्या खाली आणखी एक बगळा, पायाला पाय लावून, डोकं खाली. मी मान वाकडी केली. मग आणखी वाकडी केली. शेवटी पदर खोचून खाली वाकले आणि डोकं उलटं करून बघितलं. चित्र बदललं नाही. वर चार बगळे, खाली चार बगळे.

लावणीतली एक बाई कंबर सरळ करून ओरडली, "अक्का, काही हरवलं का?"

"हरवलेलं सापडलं!" मॅडमनी परस्पर उत्तर दिलं.

आमच्या धंद्यात याला टू-वे डिझाइन म्हणतात. कुठल्याही बाजूने धरलं तरी सुलट दिसतं ते. त्याचे नियम मला पाठ होते. पण पक्ष्यांचं टू-वे होईल असं कधी डोक्यात आलं नव्हतं, कारण मी पक्षी पाण्यातून आधीच काढून घेतले होते. पदर पुढून वर चढला काय आणि मागे उतरला काय, एक बगळा उभा दिसणार आणि त्याच्या पायाशी त्याचं प्रतिबिंब. मी तिथल्या तिथे बांधावर बसले. साडी चिखलाने भरली. मॅडमनी बाजूला घडीचं स्टूल मांडलं आणि म्हणाल्या, "आता माझे बगळे विसर. हे समोर उभे आहेत, यांना काढ. तुझ्या हाताने."

ओळीने तीन दिवस मी सकाळी बगळे काढले आणि नऊपर्यंत युनिटमध्ये पोचले. पहिल्या दिवशीचे बगळे बदकांसारखे आले. मॅडमनी तसं स्पष्ट सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्या नुसतं "हं" म्हणाल्या.

एका गोष्टीवरून आमचा वाद झाला. त्यांना प्रतिबिंब थोडं फुटलेलं, थरथरणारं हवं होतं.

"नाही चालणार, मॅडम," मी म्हणाले. "पदर मागे गेला की तेच प्रतिबिंब वर येणार. मग फुटका बगळा उभा आणि धडधाकट बगळा पाण्यात. दोन्ही अगदी सारखे हवेत. मध्ये फक्त पाण्याची एक रेघ."

त्यांनी माझा कागद हातात घेऊन सुलटा बघितला, उलटा बघितला.

"हे मला सुचलं नसतं," त्या म्हणाल्या. आठवड्यात पहिल्यांदाच मला वाटलं की मी माझ्या पगाराला लायक आहे.

परवानगीसाठी त्यांची अट एकच. साडीच्या टोकाला, काठाजवळ लिहायचं: भाग्या यांच्या चित्रांवरून, आणि खाली माझं नाव. माझं नाव घालायचंही त्यांनीच सांगितलं. मी हे सरांना सांगितलं.

"नाव? साडीवर? शैला, डोशावर कुणी आचाऱ्याचं नाव लिहितं का?"

"हॉटेलच्या पाटीवर लिहितात, सर."

सरांना हसू आलं. हसू आलं की सर हरले, हे युनिटमध्ये सगळ्यांना माहीत होतं. "बारीक अक्षरात," ते म्हणाले. मग त्यांनी रंग किती ते विचारलं. मी चार म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. बांधावर पाच मोजले होते, पण आम्ही पांढरा छापत नाही. आजूबाजूला सगळीकडे रंग लावायचा आणि बगळ्याची जागा कोरी सोडायची. तिथे रेशीमच पांढरं दिसतं. चारच स्क्रीन. बाकी साडीभर पक्षी नाहीत, नुसत्या रोपांच्या छोट्या हिरव्या रेघा. त्या निऱ्यांत कशाही वळल्या तरी रोपंच दिसतात.

कोरी जागा मात्र जिवाला घोर लावते. धुताना एक थेंब रंग उतरला तर बगळा मळतो. पहिली साडी धुतली तेव्हा सगळे मास्तर हौदाभोवती जमले होते. साडी बाहेर आली. बगळे पांढरे होते. शांताने आपणहून ती नेसली आणि आरशासमोर तीनदा गिरकी घेतली. टाचण्यांबद्दलची तक्रार तिने मागे घेतली.

शुक्रवारी बेंगळूरच्या बाई आल्या. सर काहीतरी बोलायला लागले. बाईंनी हाताने थांबवलं, साडी उचलली, आपल्या साडीवरूनच पदर खांद्यावर टाकला आणि आरशाकडे पाठ करून मान वळवून बघितलं.

"हे उलटे का..." त्या म्हणाल्या आणि त्यांनी मान आणखी वळवली.  मी शांताचा हात धरला होता की तिने माझा, आता आठवत नाही.

"अय्यो, पाणी आहे हे!"

कुणी काही समजावून सांगितलं नाही. त्यांनी पदर पुढे ओढला, मागे टाकला, पुन्हा पुढे ओढला. मग टोकाची बारीक अक्षरं वाचली.

"या भाग्या कोण?"

"आमच्या आर्टिस्ट," सर क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. तीन-चार आठवड्यांपूर्वी सर त्यांच्या आड कुठे येत नव्हते, आता त्या सरांच्याच झाल्या होत्या. बाई म्हणाल्या, "अक्षरं जरा मोठी करा. लोकांना आवडतं." सरांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

ऑर्डर मिळाली. हेच डिझाइन तीन रंगांच्या साड्यांवर: राखाडी, मातकट आणि रोपांचा हिरवा. चारही टेबलं दसऱ्यापर्यंत बंद पडली नाहीत.

भाग्या मॅडम छपाई बघायला एकदा आल्या आणि मग येतच राहिल्या. मास्तरांच्या हातून रंग ओढायची पट्टी घेऊन त्यांनी एक साडी स्वतः छापली. ती साडी विकण्यासारखी झाली नाही. त्यांनी ती अभिमानाने घरी नेली. एके दिवशी त्या टेबलाशी वाकून रेशमाखालचं कापड बघत बसल्या. टेबलावर रेशमाखाली एक जाडं सुती कापड पसरलेलं असतं, झिरपलेला रंग टिपायला. महिनोन् महिने एकावर एक साड्या छापल्या की त्यावर सगळ्यांचे रंग साठतात. आम्ही ते शेवटी फडकं म्हणून वापरतो.

पंधरा दिवसांनी सरांच्या नावे टपालाने पत्र आलं. टाइप केलेलं, सहीसह. विषय: टेबलावरील जुन्या कापडाचा चित्रांत उपयोग करण्याची परवानगी मिळणेबाबत. चित्रांखाली युनिटचं आणि चौघा छपाई-मास्तरांचं नाव लिहिलं जाईल, असंही त्यात होतं.

सरांनी पत्र दोनदा वाचलं.

"शैला, फडक्यासाठी परवानगी?"

"हो, सर."

"लेखी?"

"लेखी, सर."

 त्यांनी ड्रॉवरमधून रबरी शिक्का काढला, सही केली, शिक्का मारला आणि हरकत नाही असं लिहिलं. फाइल करायला ते पत्र माझ्याकडे दिलं तेव्हा त्यांचे कान लाल होते. माझे भाग्या मॅडमच्या दारात झाले होते तसेच. पुढच्या प्रदर्शनात आमचे चौघे मास्तर इस्त्रीचे शर्ट घालून स्वतःच्या फडक्यांसमोर उभे राहिले आणि लोकांना समजावून सांगू लागले, कुठला डाग कोणत्या साडीचा.

मी पुढे बरीच वर्षं ते काम केलं. अनेक चित्रकार, फोटोग्राफर, फुलपाखरांचा अभ्यास करणारे एक मास्तरसुद्धा, यांच्याकडे पिशवी घेऊन गेले. काहींनी सरळ नाही म्हटलं. पण बहुतेकांनी हो म्हणायच्या आधी माझ्या कागदावरची चूक दाखवली. एवढं स्वस्त कन्सल्टेशन आमच्या धंद्यात दुसरीकडे मिळत नाही. फक्त हा सल्ला चित्र उचलायच्या आधी घ्यावा लागतो.